डावरीची बाजू

भोवऱ्यावर सात महिने चादर होती. निळ्या फुलांची, एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग पडलेली. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती घरातून आणून मशीनवर टाकली. तेव्हापासून तो मशीनला वळसा घालून जायचा, झोपलेल्या माणसाच्या खाटेजवळून जावं तसा.

भोवरा म्हणजे त्यांचं स्पिंडल मशीन. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध भोक, आणि भोकातून वर आलेला उभा दांडा. दांड्यावर कटर बसवायचा, नटाने आवळायचा आणि मोटर सुरू करायची. मग कटर असा गरगरतो की दिसेनासाच होतो. दिसतो तो नुसता धुरकट गोळा, आणि कानाला लागते एकसारखी घूं. टेबलाची कड गोल करायची असो की आरशाच्या चौकटीला नक्षीची खाच द्यायची असो, सगळं याच्यावर. गुणाचं मशीन, पण सुतार मंडळी त्याला वचकून असतात. करवतीचे दात तरी दिसतात. याचं काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच माणूस जवळ जातो.

मिस्त्रीच्या बायकोला सगळी आळी डावरी म्हणायची. पोळी लाटायची डाव्या हाताने, शिवायची डाव्या हाताने, आणि रागावली की बोट दाखवायची तेही डाव्याच हाताचं. भोवरा नवीन आला तेव्हा मिस्त्री उजव्या बाजूला उभा राहून लाकूड ढकलायचा आणि ती डाव्या बाजूला उभी राहून कापलेलं लाकूड हातात घ्यायची. जगात सगळीकडे असंच चालतं, उजवीकडून डावीकडे. आठवडाभर तिने घेतलं. मग एका दुपारी म्हणाली, "अहो, तुम्ही तिथेच राहा. ढकलते मी."

"डावीकडून? मशीन उलटं फिरतं का?"

"फिरतं की. बटणाशेजारी खटका आहे ना? मशीनला दोन्हीकडे फिरता येतं. माणसालाच येत नाही."

खटका होताच. मिस्त्रीने कटर काढून उपडा बसवला, खटका फिरवला, आणि भोवरा उलटा फिरू लागला. आता डावीकडून लाकूड द्यायचं आणि उजवीकडे घ्यायचं. चालू-बंदची बटणं त्याने तिच्या बाजूला, तिच्या गुडघ्याशी बसवून दिली, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असले तरी गुडघ्याने मशीन बंद करता यावं. तिच्या पायाखाली रबरी चटई आली. आणि बघता बघता डावरी त्या कामात नवऱ्याच्याही पुढे गेली. मिस्त्रीला त्याचं वाईट वाटलं नाही. बाकी सगळं काम त्याचंच होतं. एवढं एक मशीन तिचं, आणि त्यावर तो तिचा घेणारा. बावीस वर्षं.

तिचे नियम होते. पाना कायम तिच्या कामाच्या डगल्याच्या खिशात. खिसा चापटून पाना लागला, की मगच हिरवं बटण. त्याआधी कटर हाताने एकदा फिरवून बघायचा, कुठे अडत तर नाही ना. पहिला घास रद्दी तुकड्याला द्यायचा, चांगल्या लाकडाला नाही. आणि सगळ्यात मोठा नियम धारेचा. "धारेला नेहमी समोरून भेटायचं," ती म्हणायची. "पाठीमागून गेलं की दचकते, आणि हाताला धरते."

हे ती भीती घालायला म्हणत नसे. शेजारणीच्या स्वभावाबद्दल सांगावं तसं सांगायची.

ती गेल्यापासून मिस्त्रीचे दिवस मऊ पडले होते. सकाळी गाळा उघडायचा, झाडायचा, फळी पाटावर ठेवायचा आणि उन्हात तरंगणारा भुसा बघत बसायचा. माप घेतलं की विसरायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा विसरायचा. कधी वाटायचं ती आत्ताच मागे चहा टाकायला गेलीय, आणि हे वाटणं इतकं सुखाचं असायचं की तो मान वळवत नसे. शेजारच्या शिवणवालीला त्याने टेबल करून दिलं, तेव्हा चारही पाय हातभर आखूड निघाले. शिवणवाली टेबलाभोवती फिरली, म्हणाली, "टेबल छान झालंय मिस्त्री. आता मांजरासाठी खुर्ची पण करून द्या."

हसण्यावारी गेलं. पण अंगठ्याच्या मुळाशी पटाशी लागली, ते हसण्यावारी गेलं नाही.

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. तिने बापाचा हात उजेडात धरला, पट्टी सोडली आणि जखम बघितली.

"कशाने?"

"पटाशी घसरली."

"पटाशी घसरली, की तुम्ही?"

तिने नवीन पट्टी बांधली. आईसारखीच बांधायची, गरजेपेक्षा एक वेढा जास्त.

"बाबा, भोवऱ्याचं काहीतरी ठरवा. एकतर चालवा, नाहीतर आरेवाल्या काकांना देऊन टाका. चादर पांघरून ठेवू नका. एक दिवस असेच तंद्रीत उठाल आणि चालू कराल. मला त्याचीच धास्ती आहे. पटाशीने पट्टीवर भागतं. भोवऱ्याने नाही भागणार."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बरं झालं असतं. कान तरी धरता आला असता."

आरेवाला म्हणजे ओंडके चिरून देणारा, मिस्त्रीचा तीस वर्षांचा दोस्त. शनिवारी दुपारी तो गाडी घेऊन येईल, असं ठरलं. तोवर मिस्त्रीने भोवरा चालवून दाखवला तर राहील. नाही तर आरेवाल्याच्या कारखान्यात जाईल. तिथे मोकळी जागा होती आणि चार शहाणी माणसं होती.

पण एक अडचण होती, आणि ती मिस्त्रीने कोणाला सांगितली नव्हती. भोवऱ्यावर एक काम अर्धं होतं. लेकीसाठी लंबगोल आरशाची चौकट, अक्रोडाच्या लाकडाची, चार वाकड्या तुकड्यांची. तीन तुकड्यांना डावरीने खाच देऊन ठेवली होती. चौथा राहिला. त्या संध्याकाळी तिला थकल्यासारखं वाटत होतं. "उद्या करते," म्हणून डगला खिळ्याला अडकवला, आणि पुढे दवाखाना. कटर तसाच राहिला. त्याची उंची तिने लावलेली होती, कागदाच्या घडीइतकी खाली-वर करून. नट तिने आवळलेला होता. ते सोडवायचं म्हणजे भोवऱ्यावरून तिचा शेवटचा हात काढून घ्यायचा. मिस्त्रीला चौथा तुकडा त्याच कटरवर, त्याच उंचीवर करायचा होता. मग भोवरा राहो की जावो.

शनिवारी जेवण झाल्यावर त्याने गाळ्याचं दार लोटून घेतलं आणि चादर काढली.

धूळ वर उठली आणि खिडकीच्या उजेडात थांबली. टेबलाचं लोखंड थोडं काळपट झालं होतं. कटरभोवती तिच्या हातच्या कामाचा तांबूस भुसा तसाच पडला होता. मिस्त्रीने फुंकर मारायला तोंड जवळ नेलं आणि मारली नाही. बोटाने एका बाजूला सारला. मग खिळ्यावरच्या डगल्याच्या खिशात हात घातला. पाना होता. खिशात पेन्सिलीचा एक तुकडाही होता, दातांनी चावलेला. तो त्याने परत खिशात ठेवला.

पान्याने नट तपासायचा होता. सात महिने पडून असलेल्या नटावर भरवसा ठेवू नये, हे त्याला कळत होतं, पण हात पुढे होईना. शेवटी पाना लावला आणि आवळायच्या बाजूला जोर दिला. नट केसभरही हलला नाही. त्याने आणखी जोर दिला, तरी नाही. सात महिन्यांपूर्वी, थकलेली असताना, त्या हडकुळ्या बाईने तो असा आवळला होता. मिस्त्रीने पाना आपल्या खिशात टाकला आणि खिसा दोनदा चापटला.

आता बाजूचा प्रश्न आला. डाव्या बाजूला रबरी चटई होती. चटईवर तिच्या पावलांच्या दोन खळग्या पडल्या होत्या, डावी जरा जास्त खोल. सात महिन्यांत त्याने चटईवर पाय ठेवला नव्हता. झाडतानाही कडेकडेने झाडायचा. आजही त्याचे पाय आपोआप उजवीकडे गेले, जिथे तो बावीस वर्षं उभा राहिला होता. बरं वाटलं. खिडकीचं ऊन तोंडावर आलं. इथून मशीन त्याच्या ओळखीचं होतं.

तो रद्दी तुकडा घेऊन तिथेच उभा राहिला. पहिला घास रद्दी तुकड्याला. एवढं हाताला आठवलं. कटर हाताने फिरवून बघितला, कुठे अडत नव्हता. कटरवरची झाकणी खाली घेतली. आणि धार बघितली. धारेची पाठ त्याच्याकडे होती. पण बावीस वर्षं या बाजूने त्याला धारेची पाठच दिसत आली होती. पाठ दिसली म्हणजे सगळं जागच्या जागी, असंच त्याला वाटलं. खुंटीही दिसली, जिला लाकूड आधी टेकवायचं आणि मग हळूच कटरकडे न्यायचं. खुंटी पलीकडे होती. असायचीच ती पलीकडे.

हिरव्या बटणाला हात पोचेना. ते तिच्या गुडघ्याशी होतं. चटईवर पाऊल टाकायचं नव्हतं म्हणून त्याने लांब दांड्याची केरसुणी घेतली, टेबलाखालून पलीकडे सरकवली आणि दांड्याच्या टोकाने बटण दाबलं.

भोवरा जागा झाला. आधी घरघर, मग गुणगुण, मग ती एकसारखी घूं. मिस्त्रीच्या पायांतून ती वर चढत गेली. सात महिन्यांत गाळ्यात हा आवाज झाला नव्हता. भुसा उजेडात गोल फिरू लागला आणि त्याला वाटलं, समोर ती आहे. चेहरा दिसत नव्हता, नुसती असल्याची खात्री होती, कोणीतरी आपल्याकडे बघतंय अशी. तो हसला. आणि हसत हसत, जगातल्या कुठल्याही सुताराने द्यावा तसा, त्याने तुकडा उजवीकडून डावीकडे दिला.

धारेला पाठीमागून.

तुकडा हातात राहिलाच नाही. भोवऱ्याने तो हिसकावला, आणि पाठोपाठ मिस्त्रीचा हात कटरकडे ओढला गेला. अंगठा झाकणीच्या काठावर आपटला आणि तिथेच अडला. तुकडा टेबलावरून सुटला, चटईच्या वरून गेला आणि पलीकडच्या भिंतीवर, खिळ्यावरच्या डगल्यात घुसून खाली पडला.

केरसुणी कुठे पडली ते दिसेना. भोवरा फिरतच होता. आता तो बंद करायचा तर एकच वाट होती. मिस्त्री टेबलाला वळसा घालून गेला, चटईवर चढला आणि गुडघ्याने लाल बटण दाबलं.

मग हात वर करून बोटं मोजली. पाच. दुसऱ्या हाताचीही मोजली, उगाच. अंगठ्याचं नख उभं चिरलं होतं आणि त्यातून रक्ताचा एक थेंब येत होता.

मोटर बंद झाली होती, पण भोवरा अजून फिरत होता. त्याला थांबायला वेळ लागतो. "बंद केलं म्हणजे थांबलं असं नाही," असं म्हणून डावरी दोन्ही हात पाठीमागे बांधायची आणि मोठ्याने मोजायची. बरोबर त्रेचाळीसला तो थांबायचा. त्याआधी टेबलाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मिस्त्रीने हात पाठीमागे बांधले आणि मोजायला लागला. पाय त्या खळग्यांत होते. खळग्या त्याच्या पायांना लहान पडत होत्या.

वीसपर्यंत आल्यावर त्याने मान वर केली. या बाजूने त्याने फिरता भोवरा कधी बघितलाच नव्हता. इथून धारेचं तोंड दिसत होतं, फिरणं मंदावलं तशी ती लुकलुकत होती. खुंटी अगदी हाताशी होती. आणि समोर, टेबलाच्या पलीकडे, खिडकीचं सगळं ऊन एका रिकाम्या जागेवर पडलं होतं. त्याच्या जागेवर. इतक्या लख्ख उन्हात तो बावीस वर्षं उभा होता, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

एकदा त्याने तिच्याशी वाद घातला होता. लांब पट्टीला घेणारा लागतो, पण हातभर तुकड्याला कशाला? माझी तिकडे कामं पडलीत. तिने वर न बघता सांगितलं होतं, "उभे राहा. समोर कोणी असलं की घाई होत नाही." त्याला तेव्हा ती बायकी हौस वाटली होती.

चौतिसाला भोवरा थांबला. मिस्त्री सावकाश मोजत होता.

दार उघडलं तेव्हा तो तसाच उभा होता. पुढे लेक, मागे आरेवाला, खांद्यावर दोरखंडाचं भेंडोळं.

"काय मिस्त्री, नवरी निघाली का सासरी?" आरेवाला बोलला आणि मग त्याची नजर चटईवर गेली.

लेकीने आधी हात बघितला. मग नख. मग भिंतीखालचा तुकडा. दातांच्या दवाखान्यात राहून तिला न विचारता बघायची सवय होती.

"चालू केलात."

"केला."

"आणि?"

खोटं सांगता आलं असतं. नख दारात चिमटलं म्हणून खपलं असतं. मिस्त्रीने क्षणभर तसा विचारही केला. मग म्हणाला, "माझ्या बाजूने दिला. मशीन तिच्या बाजूने फिरतंय आणि मी माझ्या जागेवर उभा राहून दिला. बटण केरसुणीने दाबलं."

"केरसुणीने?" आरेवाल्याने दोरखंड खाली ठेवलं. "अरे, तीस वर्षांत मी नाना तऱ्हेचे गाढवपणे बघितले. हा नवीन आहे."

"चटईवर पाय ठेवायचा नव्हता."

आरेवाल्याने मान खाली घातली आणि दोरीचा एक धागा उगाच सोडवत बसला.

"कटर सरळ करून घे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "जग चालवतं तसा चालव. पाच मिनिटांचं काम. नाहीतर मला 'घेऊन जा' म्हण. तुझी बोटं मला हवीत. पत्ते कोणाबरोबर खेळू?"

"चौथा तुकडा झाला की कटर काढतो. आत्ता नाही. उंची तिची आहे."

लेक त्याच्याकडे बघत होती. तिच्या मनात काय आहे हे मिस्त्रीला कळत होतं. दोरखंड तिथे होतं, गाडी बाहेर उभी होती. ती एक शब्द बोलली असती, तर भोवरा गेला असता आणि तोही आडवा आला नसता.

"काय काय करणार ते आधी सांगा," ती म्हणाली. "डॉक्टर मला सांगतात तसं. सुई हातात घेण्याआधी."

मिस्त्रीने सांगितलं. खिसा चापटला, पाना आहे. कटर हाताने फिरवला. "इथून धारेचं तोंड दिसतंय. लाकूड डावीकडून येणार, धार त्याला समोरून भेटणार." चौथा तुकडा त्याने तिच्या फर्म्यात बसवला. फर्मा म्हणजे त्याच आकाराची जाड फळी, दोन मुठी लावलेली, म्हणजे हात मुठींवर राहतात आणि कटरपासून लांब. दोन्ही पकडी आवळून बघितल्या. "आधी खुंटीला टेकवणार, मग आत नेणार. मूठ सोडणार नाही. अडलं तर जोर करणार नाही, मागे घेणार नाही, गुडघ्याने बंद करणार. पण त्याआधी एक रद्दी तुकडा."

"काका, झालं का सगळं?"

"तिचंच सगळं पाठ म्हणतोय," आरेवाला म्हणाला. "एक विसरला. बाही."

मिस्त्रीने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. लेकीने पर्स खिळ्याला अडकवली, टेबलाला वळसा घातला आणि उजव्या बाजूला, उन्हात, जाऊन उभी राहिली.

"मी घेऊ?"

"घ्यायचं काही नाही. हातभर तुकडा आहे. हात मागे ठेव आणि नुसती उभी राहा."

"मग माझा उपयोग काय?"

"उभी राहा गं."

रद्दी तुकडा गेला. डावीकडून उजवीकडे, खुंटीला टेकून, घूं जरा जाड झाली आणि पुन्हा बारीक झाली. खाच स्वच्छ निघाली. मग चौथा. मिस्त्रीने मुठी धरल्या. मन निसटायला लागलं तसं त्याला जाणवलं. उजेड, भुसा, ती गुणगुण, सगळं त्याला मऊ करायला लागलं. त्याने वर बघितलं. समोर लेक होती, डोळे बारीक करून बापाच्या हातांकडे बघत होती, ओठ एका बाजूला दाबून. एवढ्याने मन जागेवर आलं. त्याने तुकडा खुंटीला टेकवला आणि आत नेला. अक्रोडाचा तांबूस भुसा पलीकडे उडाला, जुन्या भुशावर पडला. वाकणाबरोबर मुठी वळत गेल्या. घाई नव्हती. टोकाशी आल्यावरही नव्हती. तुकडा कटरपासून दूर झाला तेव्हाच त्याने गुडघा दाबला.

खाच शेवटपर्यंत सारखी होती. लेकीने ती बघितली आणि तिचा हात पुढे आला.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "अजून फिरतोय."

तिने हात मागे घेतला, पाठीमागे बांधला. मग कोणी न सांगता ती मोठ्याने मोजू लागली. दारात आरेवाला दोरखंड पुन्हा गुंडाळत होता. पंधरा झाले, वीस झाले. मिस्त्रीने पान्याचा खिसा चाचपला. आता नट सोडवायचा होता, कटर उतरवून धार लावायला द्यायचा होता, सात महिन्यांचा गंज पुसायचा होता. पुन्हा बसवताना तो उपडाच बसवायचा, हे त्याचं ठरलं होतं.

लेक भराभर मोजत होती. भोवरा थांबला तेव्हा ती बेचाळीसवर होती.